नऊ महिने मी धर्म तपासत होतो

जोगेश्वरीच्या आमच्या दोन खोल्यांत, एका रविवारी दुपारी, माझ्या धाकट्या बहिणीने, कुंदाने, चहाची कपबशी पुढे ठेवता ठेवता सांगून टाकलं की तिला पीटरशी लग्न करायचंय. पीटर तिच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. मरोळचा, घरात मराठीच बोलणारा... पण ख्रिश्चन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील नव्हते, आईने सगळं माझ्यावर सोडलेलं, त्यामुळे होकार-नकार माझ्याकडे. मामा म्हणाले, भटजींना विचार. शेजारी म्हणाले, त्यांच्या फादरला भेट.

मी आठवी नापास, साकीनाक्याला गाळ्यात दोन लेथ मशीनं टाकून हिमतीवर उभा राहिलेला माणूस. म्हटलं, दुकानदाराला विचारून कधी माल कळतो का? दोन्हीकडची पुस्तकं मी स्वतः वाचणार, खरा धर्म कुठला ते मीच ठरवणार. मग लग्नाचं बोलू.

पीटर त्यांचं पुस्तक घेऊन आला. मराठीतलं, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं. "सावकाश वाचा दादा, घाई नाय," एवढंच म्हणाला...

पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठायचो. एक दिवस आपली पोथी, एक दिवस त्यांचं पुस्तक. आदल्या दिवशी मशीनवर उभं राहून पाय सुजलेले असायचे, अक्षरं एकमेकांत शिरायची. पण सोडलं नाही.

माझ्याकडून पार्ट घेणाऱ्या कंपनीचा इन्स्पेक्टर गाळ्यात यायचा. त्याच्याकडे एक पेन्सिल असायची, एक टोक लाल, एक निळं. पास मालाला निळी खूण, रिजेक्टला लाल. तसलीच एक मी घेतली. वाचताना पटलं की निळी रेघ, खटकलं की लाल.

महिने गेले. खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायला लागली होती. नाक्यावर कुणी विचारलं की मी गंभीर चेहऱ्याने म्हणायचो, अभ्यास चालू आहे... कुंदाने दोनदा विचारलं, "कुठवर आलं दादा?" नंतर विचारणं सोडलं.

नवव्या महिन्यात, एका सुट्टीच्या दिवशी, तिने फळीवरून दोन्ही पुस्तकं काढली आणि चाळत बसली. बराच वेळ. मग दोन्ही उघडी करून माझ्यासमोर ठेवली.

बाईने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, अशा अर्थाचं दोन्हीकडे काहीतरी होतं. पोथीत त्याखाली निळी रेघ, शेजारी माझ्याच अक्षरात 'संसाराची शिस्त'. पीटरच्या पुस्तकात लाल रेघ, शेजारी 'बायकांना दाबतात'.

"अगं, तिथला संदर्भ वेगळा आहे," मी म्हणालो.

"असेल. पण दादा, दोन्हीकडे माझ्याबद्दलच लिहिलंय ना? मला एकदा तरी विचारलंस?"

नुसत्या आवाजावरून कुठल्या मशीनचं बेअरिंग जाणार ते मी सांगायचो. अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटीत माझ्या कानांचं नाव होतं. कुंदाच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता... ती दमली होती, आणि आजकालची नव्हे. एका घरात राहून मला ते ऐकू आलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. पीटरचे वडील वर्षभर आजारी होते. मुलाचं लग्न बघायचं होतं त्यांना. मागच्या महिन्यात गेले.

मला काही कळू द्यायचं नाही, असं पीटरनेच तिला बजावलं होतं. आजारी माणसाचं नाव पुढे केलं तर दादांवर दबाव येईल. त्यांना मोकळ्या मनाने वाचू दे.

मोकळ्या मनाने...

ती आतल्या खोलीत गेल्यावर मी सगळी पानं परत उलटली. पोथीत लाल रेघ एकही नव्हती. त्यांच्या पुस्तकात निळ्या होत्या चार-दोन, त्याही आपल्यासारखं काही दिसलं तिथेच. काही इन्स्पेक्टर गाडीतून उतरतानाच लॉट रिजेक्ट करायचं ठरवून येतात. त्यांना मी कायम शिव्या घालायचो.

संध्याकाळी मरोळला गेलो. पीटरच्या आईसमोर बसलो. तिनेच पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "जेवून जा." जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

लग्न रजिस्टर झालं. धर्म कुणीच बदलला नाही. साक्षीदार म्हणून पहिली सही माझी.

लग्नाच्या आदल्या दिवशी आईने मला गाठलं. "गावलो काय रे तुका खरो धर्म?"

"नाय गो आये, अजून वाचतंय."

"वाच सावकाश," आई तांदूळ निवडत म्हणाली. "तिचां लगीन कित्याक थांबवलंस पण?"

परवा आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, एकट्याने ग्रंथ वाचून माणूस खऱ्या धर्मापर्यंत पोचतो का. सकाळपासून भांडणं चालली. वाचून वाचूनच दमलो, म्हणून तिथे काही न लिहिता इथे लिहितोय. कुणी पोचत असेलही. मी नाही पोचलो. पुस्तकं दोन्ही चांगली होती... वाचणाराच आधी ठरवून बसला होता, आणि त्याला टोकायला शेजारी कुणी नव्हतं.

अजून वाचतो, पण कुंदा आली की, आणि मोठ्याने. ती मध्येच थांबवते, "हे परत वाच रे." मी निमूट परत वाचतो. तिने मला माफ केलं की नाही, हे मी विचारलेलं नाही. ती येते, त्यातच मी समाधान मानतो.

पीटरच्या वडिलांना मात्र मी फक्त फोटोत पाहिलंय.