तीन रेघांचा व्हिप

सकाळी साडेदहाला दिल्लीच्या बंगल्यावर व्हिप आला आणि माझी आठवड्याभराची मेहनत पाण्यात गेली.

मी तेव्हा एका खासदारांचा पीए होतो. व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश. अमुक दिवशी सभागृहात हजर राहा, अमुक बाजूने मत द्या. मजकुराखाली तीन रेघा असल्या की विषय संपला. मोडला तर खासदारकी जाऊ शकते. आमच्या कागदावर तीन रेघा होत्या.

विधेयक किनाऱ्यालगतच्या जमिनींचं होतं. घोडबंदरच्या खाडीकाठी हिराबाई आणि गावातल्या इतर कोळणी ज्या मोकळ्या जागेत मासळी सुकवतात, ती त्यामुळे बांधकामाला खुली होणार होती. साहेबांनी गावात जाऊन विरोधाचा शब्द दिला होता. मी हिराबाईंच्या पडवीत बसून सगळी माहिती उतरवून घेतली आणि त्यावरून भाषण लिहिलं. चांगलं जमलं होतं, उगाच विनय कशाला.

"साहेब, गैरहजर राहिलात तर?"

"तोही व्हिप मोडणंच."

"तब्येत बरी नाही म्हणून कळवू?"

"मागे एकाने छातीत दुखतंय म्हणून कळवलं. पक्षाने अँब्युलन्स पाठवली. आधी मत, मग हॉस्पिटल."

तरी साहेबांनी प्रतोदांना फोन लावला. प्रतोद म्हणजे पक्षाची डोकी मोजणारा खासदार. मतदानातून सूट मागितली. "आपका इलाका बाद में देखेंगे, आज नंबर देखना है," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. तासाभरात पक्षाच्या ऑफिसातून विधेयकाच्या बाजूचं तयार भाषणही आलं. मी दोन्ही भाषणं फाइलमध्ये घातली. का, ते माझं मला ठाऊक नाही.

चर्चा मी बंगल्यावर टीव्हीवर पाहिली. पक्षाला वेळ मिळतो खासदारांच्या संख्येवर, आणि आमच्या मोठ्या नेत्यांनी तो सगळा खाल्ला. उरलेल्यांनी लेखी भाषण सभागृहाच्या टेबलावर ठेवावं, असं अध्यक्षांनी सांगितलं. असं ठेवलेलं भाषणही कामकाजात छापून येतं. साहेबांनी कागद ठेवले. मग मतदान झालं, विधेयक पास झालं.

दुसऱ्या दिवशी कामकाजाची प्रत वाचतोय, तर साहेबांच्या नावावर माझं भाषण. अख्खं, विरोधातलं. आणि शेवटी बाजूने मत देणाऱ्यांच्या यादीत साहेबांचं नाव.

"साहेब, चुकून ठेवलंत का?"

"व्हिप मताला असतो, भाषणाला नाही. गावात वाटा."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आपलं लिखाण संसदेत छापून आलंय, या नादात मत कुठे गेलं ते मी सोयीने विसरलो. दिल्लीहून परतल्यावर केबिन रोडवरच्या दुकानात पन्नास झेरॉक्स काढल्या आणि गावात गेलो.

हिराबाईंच्या नातीने भाषण मोठ्याने वाचून दाखवलं. बायका मन लावून ऐकत होत्या. शेवटी हिराबाईंनी विचारलं, "मत कोनाला दिला?"

मी सांगितलं. कुणी आरडाओरड केली नाही. केली असती तर बरं वाटलं असतं. हिराबाईंनी कागदांची नीट घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"भाषन बरा हाय, भाऊ. आता मासली यावर सुकवू काय?"

जागेला पत्र्याचं कुंपण पडलं. साहेब पुन्हा निवडून आले. मी मात्र त्यानंतर कुणाचंही भाषण लिहायला घेण्याआधी व्हिप कधी येणार ते विचारून घेतो.