तिघांना वजा करून उरलेला ऑर्केस्ट्रा

आमच्या ताईच्या धाकट्या दिरांइतका माणसांचा कंटाळा असलेला माणूस नाशकात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतका एकट्याने गर्दी करणाराही झाला नसेल. ताई त्यांना भावजी म्हणे, म्हणून मी म्हणू लागलो, आणि पुढे आमचा सगळा ऑर्केस्ट्राच म्हणू लागला. ऑर्केस्ट्रा म्हणजे आम्ही चौघेच. भावजींची गिटार, एका शाळामास्तरांचं अकॉर्डियन, पोस्टातल्या एका कारकुनाची दुसरी गिटार (तो फक्त जाड तारा वाजवी) आणि माझा ढोलक. सत्तरच्या दशकात पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत गणपतीत आणि लग्नसराईत आम्हाला बऱ्यापैकी मागणी होती. अशा ऐन मागणीच्या दिवसांत भावजींनी आम्हा तिघांना एकेक करून हाकललं आणि आमच्या जागी स्वतःची बोटं नेमली. हे मी रागाने लिहितोय असं कुणाला वाटलं, तर त्याचं बरोबर आहे.

पहिला गेला तो कारकून. त्याला शेवटचा सूर सोडवत नसे. "पाहुणे रिक्षात बसले तरी हा दारात बोलत उभा!" असं म्हणून भावजींनी त्याला घरी बसवलं आणि त्याचं काम अंगठ्याला दिलं. मग मास्तर. गाणं संपत आलं की मास्तरांना शाळा सुटल्यासारखी घाई व्हायची. एकदा भावजी त्यांना भर तालमीत म्हणाले, "मास्तर, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो मागून." मास्तरांनी अकॉर्डियन पेटीत घातलं, चपला घातल्या आणि खरोखरच पुढे झाले. त्यानंतर रस्त्यात भावजी दिसले की ते फुटपाथ बदलत. त्यांच्या जागी पहिलं आणि मधलं बोट आलं. "माणसं वेळेवर येत नाहीत, बोटं येतात," हे भावजींचं तत्त्वज्ञान. ते मला ऐकवताना माझी पाळी जवळ आली आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

माझा दोष मी नाकारत नाही. भावजींनी स्वतः एक धून बसवली होती. ती वळण घेऊन पहिल्या ओळीवर परत यायची, तिथे माझी थाप केसभर उशिरा पडे. नेहमी तिथेच. भावजी डोळे वटारत, मी मान डोलवायचो, आणि पुढच्या वेळी थाप पुन्हा उशिरा. वणीला एका शाळेच्या संमेलनात आमचा कार्यक्रम होता. वणीच्याच एका मुलीशी माझी सोयरीक ठरत आली होती आणि तिचे वडील पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. भावजींना हे ठाऊक होतं. ताईनेच ती सोयरीक आणली होती. तरी ती थाप चुकली तशी त्यांनी धून थांबवली आणि माइकमध्ये म्हणाले, "ढोलक खाली ठेव. आता मी एकटा वाजवतो." आणि वाजवलं! तळहाताचा खालचा भाग गिटारीच्या लाकडावर आपटत त्यांनी माझा ढोलकही वाजवला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मांडीवर ढोलक घेऊन बसून राहिलो. उठून जायलाही वाव नव्हता, कारण जीप एकच होती.

लग्न झालं, हे सासऱ्यांचे उपकार. पण पुढे दर दिवाळीला ते दारातच विचारत, "जावईबापू, ढोलकं आणलं नाय ना?" बायको हसायची. मीही हसायचो. त्या संमेलनाहून घरी आल्याबरोबर मी ढोलक कपाटावर चढवला, त्यावर जुनी चादर टाकली आणि भावजींशी बोलणं सोडलं. अकरा वर्षं. ताईच्या घरी समोरासमोर आलो तर आम्ही दोघंही ताईशीच बोलत असू. "भावजी, याला पोहे द्या की," ती म्हणे, आणि भावजी ताटली माझ्यापुढे न ठेवता आमच्या मधल्या स्टुलावर ठेवत.

इकडे त्यांचं नाव होत गेलं. जाड तारांखाली पोस्टकार्डाची घडी सरकवली की तारा ताशासारख्या खरखरत. कारकून गेला, पण पोस्टाचा संबंध सुटला नाही. अंगठ्यात एक माणूस, दोन बोटांत दुसरा, अनामिकेवर चाल आणि मनगटाखाली माझा ढोलक. एका गणपती मंडळाने ऑर्केस्ट्रा येणार म्हणून चार खुर्च्या मांडल्या आणि चार कप चहा आणला. भावजींनी चारही कप शांतपणे संपवले आणि म्हणाले, "चौघांचा आहे, चौघांनी घेतला." इंदिरानगरात खोली घेतली तेव्हा घरमालक एका दुपारी तावातावाने वर आले. "मी खोली एकट्याला दिलीय. हे चारजण कोण?" भावजींनी दार सताड उघडलं. मालकांनी मोरीत पाहिलं, वाकून खाटेखाली पाहिलं, आणि गिटारीकडे संशयाने बघत जिना उतरले. हा किस्सा मला ताईने सांगितला. मी हसलो नाही. त्या चारांतला एक मी होतो आणि मला विचारलं नव्हतं.

मग भाचीचा साखरपुडा आला. ताईच्या गच्चीवर मांडव, होणाऱ्या जावयाने हौसेने आणलेला टेपरेकॉर्डर, आणि काकाचं वादन. मी जिलबीची ताटली घेऊन मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. भावजींनी नेमकी तीच धून काढली, वणीची. मी कान देणार नव्हतो. पण पहिल्या ओळीचा शेवटचा सूर जरा जास्तच रेंगाळला आणि मला कारकून आठवला. कडव्याच्या शेवटाकडे दोन बोटं घाईला आली. ते मास्तर होते. मग धून वळली आणि पहिल्या ओळीवर परत आली. लाकडावरची थाप केसभर उशिरा पडली.

ताटली टाकून मी पुढे गेलो. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य बोललो तेही भांडणाचंच. "तुमची थाप उशिरा पडते."

"तुझी पडायची तशीच पडते," भावजी तारा पुसत म्हणाले. "वेळेवर टाकून पाहिली. गाणं उभं राहत नाही."

"मग बोलावलं का नाहीत?"

त्यांनी वर पाहिलं नाही. फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "ढोलक आहे का रे अजून?"

हा त्यांचा माफीनामा होता. याहून लांब त्यांना लिहिता आला नसता. मला तो कळला, तिथल्या तिथे कळला. पण पहिल्या रांगेतला तो फेटा डोळ्यांपुढे आला आणि मी म्हणालो, "विकला."

"बरं केलंस," भावजी म्हणाले. "घरात जागा अडते."

त्या वर्षाच्या थंडीत ते गेले. पोटासाठी ज्या कारखान्यात नोकरी करत, तिथली पाळी संपवून सायकलीचं कुलूप काढताना छातीत कळ आली. तेराव्याला मास्तर आले होते, कारकूनही आला होता. आम्ही तिघं एका सतरंजीवर बसलो. चारजणांची सतरंजी होती, तरी कुणी सरकून बसलं नाही. मी त्यांना थापेचं सांगितलं, घाईचं आणि रेंगाळणाऱ्या सुराचंही सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. ढोलकाचं मात्र मी सांगितलं नाही.

साखरपुड्याची कॅसेट ताईने मला दिली. ढोलक अजून कपाटावरच आहे. मी तो खाली घेत नाही, नुसताच कॅसेट लावून गुडघ्यावर ठेका धरतो. धून वळते, आणि लाकडावरची थाप आणि गुडघ्यावरची थाप दोन्ही एकदमच पडतात, दोन्ही उशिरा. तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं. पण त्या दिवशी टेप कुणी बंद केला नव्हता. धून संपल्यावर आमचं बोलणंही त्यात उतरलं आहे. म्हणून शेवटचा सूर रेंगाळत असतानाच मी बटणापाशी बोट नेऊन ठेवतो. आता दाबायचं, आता दाबायचं, असं ठरवून बसतो, आणि दर वेळी केसभर उशीर होतो. तोवर माझा आवाज "विकला" म्हणून गेलेला असतो.