मावशी आणि भोपळ्याची फुलं

शेजारच्या मावशी चालताना पायाचा आवाज येत नाही. लोहा गावातल्या माझ्या घरामागं मी दोन वाफे केले, एकात मेथी टाकली, एकात भोपळा लावला, तेव्हापासून त्या रोज सकाळी कुंपणाच्या फटीतून आत यायच्या. बोलायच्या माझ्याशी, पण बघायच्या वेलाकडं. काय बघता विचारलं तर म्हणायच्या, "बघू की माय."

एकदा मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी दोन फुलं तोडली, वेलावर वाकून काहीतरी केलं आणि निघून गेल्या. माझा हा पहिलाच वेल. तोंडावर विचारायची माझी छाती झाली नाही. मी त्या फटीत बाभळीचे काटे लावले.

मावशी यायच्या थांबल्या. नंतर लिंबाएवढी फळं पिवळी पडून गळू लागली. त्यांनीच काही करणी केली, असं माझ्या मनानं घेतलं.

एके दिवशी काट्यांपलीकडून आवाज आला, "काटे लावून भोपळे येतेत का गं?"

"तुम्हीच फुलं तोडलीत," मी कशीबशी बोलले.

"तोडली की. नराचं फूल मादीच्या फुलावर घासलं तर फळ धरतंय. मधमाशा कुठं राहिल्यात आता?"

मी खाली मान घालून काटे काढले. आता दोन भोपळे चांगले धरलेत. तरी मावशी आल्या की माझी नजर त्यांच्या हातावरच असते. त्यांनाही ते कळतं. तोडलेलं फूल त्या आधी मला दाखवतात, मगच घासतात.