नैवेद्याआधी काढलेलं ताट

माझी मुलगी ज्या युथ ग्रुपमध्ये जाते, त्यांची गेल्या वर्षी एका रविवारी ट्रिप होती. सकाळी सिडनीतल्या ज्यू लोकांचा इतिहास समजून घ्यायचा आणि दुपारी आमच्या भागातलं देऊळ बघायचं. मुलांबरोबर कोणीतरी मोठं हवं होतं. वेस्टमीडच्या लॅबमध्ये माझी त्या दिवशी शिफ्ट नव्हती, म्हणून मी गेले.

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दारात मुलगी वाकून शूज काढायला लागली. मी म्हटलं, "थांब गं, इथे काढतात का ते आधी विचार."

"नाही काढत, राहू देत," उत्तर आलं, तेही मराठीत. आम्हाला सगळं दाखवायला आलेल्या सत्तरीच्या बाई बोलल्या होत्या. त्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. हे त्यांनी मुलांना इंग्रजीत सांगितलं.

ग्रुप लीडरने त्यांना देवळात यायचा आग्रह केला. मिनीबसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या आणि वाटभर बोलत राहिल्या. नवरा गेल्यापासून मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं. मुलांना कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, म्हणाल्या.

"माझ्याकडेही तेच," मी म्हटलं.

देवळात मात्र त्या आत आल्या नाहीत, बाहेर बाकावर बसल्या. आरतीनंतर मी कागदी वाटीत त्यांच्यासाठी शिरा आणला. त्यांनी हात मागे घेतला.

"नको गं. देवापुढे ठेवलेलं आम्हाला चालत नाही."

मी बरं म्हटलं, पण लागलं. इतका वेळ माहेरच्यासारखं बोलणारी बाई एकदम परकी वाटली. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "गणपतीत आमच्या शेजारच्या काकू नैवेद्य दाखवायच्या आधी आमचं ताट वेगळं काढायच्या. आमचा गोड पोह्यांचा मलिदा केला की आई त्यांच्याकडे पाठवायची. त्यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही."

मुलगी बाजूलाच उभी होती. "सो, आधी काढलं तर ओके?"

"मग ओके."

गणपतीत मी मोदक वाफवले. मी नैवेद्याचं ताट वाढायच्या आधीच मुलीने एक डबा भरून ठेवला होता. माझ्या ते ध्यानातही नव्हतं. दुपारी आम्ही गाडी काढून तो अलिबागच्या त्या मावशींकडे पोचवायला गेलो. मावशींनी दारातच झाकण उघडून एक मोदक खाल्ला.

"सारण कोरडं झालंय," त्या मुलीला म्हणाल्या. "नारळ ताजा नव्हता का?"

"फ्रोझन होता," मुलगी म्हणाली. मग जरा थांबून, "ताजा चांगला मिळत नाही इथे."

"मिळतो. चल आत, कुठे ते सांगते."