सीझनचा फोन

अंदमानातल्या एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये मी एक सीझन वाढपी होतो. पावसाळा लागला, पर्यटक संपले आणि आम्हाला घरी पाठवलं. "बुकिंग आलं की फोन करू," मॅनेजर म्हणाला होता. "फोनवर सापडेल तो येईल. नाही सापडला तर पुढचा."

आमच्याकडे फोन नव्हता. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी अक्कांचं किराणा दुकान होतं, त्यांचा नंबर मी दिला होता. म्हणून जूनपासून त्या दुकानाच्या पायरीवरच बसून असायचो. शिरोलीच्या फाउंड्रीत वडिलांना आठवड्यातून तीनच दिवस काम मिळत होतं. घर माझ्या सीझनच्या पगारावर चाललं होतं, आणि तोही संपत आला होता. फाउंड्रीवाले मला रोजावर घ्यायला तयार होते; पण गेलो असतो तर फोन कुणी घ्यायचा? मित्र पन्हाळ्याला निघाले, तेव्हाही नाही म्हणालो. समुद्र इतक्या लांब, पण त्याच्यामुळं मला गल्ली ओलांडता येत नव्हती. हे कुणाला नीट सांगताही येत नसे.

येणारेजाणारे विचारायचे, "काय पावणं, बेट बुडालं का काय?"

"सीझन न्हाय अजून."

"म्हंजे ऊसतोडीवानीच की रं तुझं! हंगाम असंल तर काम."

ऑक्टोबरात बी.कॉम.चा राहिलेला पेपर आला. एप्रिलमध्ये मी बेटावर असल्यानं तो बुडाला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. पेपर सोडणं मनाला पटेना, आणि जायचा धीरही होईना. शेवटी अक्काच ओरडल्या, "जा की! मी हाय न्हवं फोनवर!"

पेपर देऊन आलो तर अक्का दुकानाच्या दारातच उभ्या.

"आला बघ तुझा फोन. हिंदीत बोलत हुता बाबा."

"काय सांगितलंत?"

"ठणकावून सांगितलं. वो कालेजात गया हाय, परीक्षा देताय. बडा साब होनेवाला हाय, ताट उचलनेवाला नहीं! गप्पच बसला की."

मी एसटीडी बूथवर धावलो. मॅनेजर चांगलं बोलला. जागा त्यानं दुसऱ्याला देऊन टाकली होती. "पढाई करो भाई," म्हणाला, आणि तेही अगदी मनापासून.

परतलो तेव्हा अक्कांनी हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. "आता बघ, मान देऊन बोलवत्यात. शिकल्याला माणूस म्हटल्यावर! बरं केलं न्हवं मी?"

"बरं केलंत, अक्का."

संध्याकाळी वडील कामावरून आले. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "आला का फोन?"

"आलता."

ते उंबऱ्यातच थांबले आणि हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "मग? कवा निघायचं?"

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.