विजूताईच्या कंप्यूटरचं पाणी

घरात एखादी विचित्र वस्तू आली की तिच्याभोवती किस्से जमायला लागतात. वस्तू जुनी होते, माळ्यावर जाते, पण किस्से मात्र लग्नाच्या पंगतीत नाहीतर लांबच्या प्रवासात परत निघतात. आमच्या घरातली ती वस्तू म्हणजे विजूताईचा कंप्यूटर.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमी आदिलाबादेत राहायचो. ताई ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आई जाऊन काही वर्षं झाली होती. बाबा तहसीलमधून रिटायर झालेले, मी नुकताच नोकरीला लागलेला. तिघांच्या घरात बोलणं तसं कमीच. ताईनं स्वतःच्या पगारातून कंप्यूटर घेतला, तो पोरांचे पेपर टाइप करायला, असं ती सांगायची. पेपर टाइप व्हायचे, नाही असं नाही. पण खरं म्हणजे ती त्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायची.

*

गेम झक्कास चालावा म्हणून ताईनं प्रोसेसर त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला होता. हिवाळाभर तो पळाला. मे महिन्यात आदिलाबादेत दुपारी नळाचं पाणी हातावर घेववत नाही. शर्यतीचा शेवटचा राउंड आला की मशीन हँग.

ताईनं डब्याची बाजू उघडून टेबलफॅन लावला. तो गरम वारा आत फेकायचा, एवढंच. बाबा दारातून हे बघत असायचे. एके दिवशी ताई कॉलेजातून आली तर मशीनच्या डोक्यावर कांदा.

"बाबा, हा कांदा काऊन ठेवला?"

"ऊन लागलं त्याले," बाबा म्हणाले.

मी हसलो. ताई हसली नाही. कांदा हातात घेऊन ती उघड्या मशीनपुढं वाकली. मग म्हणाली, "ऊनच लागलंय. वारं घालून भागणार नाही. आतली उष्णता उचलून बाहेर न्यावी लागंल."

*

हैदराबादहून आणलेल्या एका मासिकात तिनं वाचलं होतं की परदेशात काही हौशी लोक मशीन पाण्यानं थंड करतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं नकाशा काढला. प्रोसेसरवर तांब्याची पोकळ डबी बसवायची. तिच्यातून पाणी जाणार, तापणार, रेडिएटरमध्ये जाऊन निवणार, आणि पंप ते परत पाठवणार.

बाबांनी चष्मा लावला आणि जमिनीच्या वादाचा मुआयना करावा तसा तो कागद तपासला.

"पाणी अन् करंट एका मकानात नांदत नाही. नामंजूर."

"मग आपल्या कूलरमध्ये काय आहे, बाबा? पाण्यातच तर पंप चालून राह्यला."

बाबांनी कूलरकडं पाहिलं. "तो खिडकीबाहेर आहे," म्हणाले आणि उठून गेले.

सकाळी कागद टेबलावर होता. ताईनं पाण्याची बरणी मशीनच्या वर दाखवली होती. बाबांनी ती पेन्सिलीनं खोडून खाली जमिनीवर काढली होती, आणि मशीन पाटावर चढवलं होतं. बाजूला लिहिलं होतं, "गळलं तर जमिनीवर गळेल." सही केली नव्हती, एवढंच काय ते.

*

सामान जमवण्यात आमचा महिना गेला. पंप कूलरचाच घेतला. गवंडी लोक पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून उष्णता ओढणारं पांढरं मलम आणलं. राहिलं रेडिएटर. त्यासाठी बसस्टँडमागच्या श्रीनिवासकडं गेलो. तो लॉऱ्यांची गळकी रेडिएटरं झाळून द्यायचा.

"गाडी कौनसी है मॅडम?"

"गाडी नहीं, कंप्यूटर."

श्रीनिवासनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. तो आत गेला आणि वहीएवढं छोटं रेडिएटर घेऊन आला. धूळ पुसली तर आतून चकचकीत, कोरं.

"ये व्हॅन के हीटर का रेडिएटर है," तो म्हणाला. "गाडी का पूरा सामान बिक गया. आदिलाबाद में हीटर कौन लेता?"

तांब्याची डबीही त्यानंच झाळून दिली. पहिली गळली. दुसरी गळली. तिसऱ्या वेळी ताई त्याच्या दुकानातच स्टूल टाकून बसली, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आप ऐसे देखते तो हाथ काँपता." ताई पाठ फिरवून बसली. तिसरी गळली नाही.

*

आता जोडण्या गळतात का ते बघायचं होतं. ताईनं कंप्यूटरची वीज काढून ठेवली, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि बैठकीत नुसतं पाणी फिरवत ठेवलं. त्याच दिवशी चंद्रपूरचे पाहुणे ताईला बघायला आले. ते येणार होते दुसऱ्या दिवशी.

मुलाच्या आईनं आत पाऊल टाकलं, लोंबणाऱ्या नळ्या आणि सरकणारं पाणी पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "घरात कोणाले सलाइन चालू आहे का?"

"मशीनले," बाबा म्हणाले.

मग काय आहे ते सांगावं लागलं. मुलानं मान खाली घातली. त्याचे वडील सगळं ऐकून म्हणाले, "हुशार आहे पोरगी. पण लग्नानंतर हे बंद करा लागंल तिले."

ताई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. मी बाबांकडं पाहिलं. पाहुण्याला कधी उलटून न बोललेला माणूस. ते म्हणाले, "पोहे घ्या. थंडे होऊन राह्यले."

पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवून बाबा परत आले. गुडघ्यावर हात टेकून वाकले, वर्तमानपत्रावरून तळवा फिरवला आणि ताईला म्हणाले, "कोरडा आहे कागद. पुढचं काम कर."

त्या स्थळाचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

*

पहिल्यांदा चालू करायचं ते मुद्दाम भर दुपारी, असं ताईनं ठरवलं. श्रीनिवास दुकान बंद करून आला होता. ताईनं बरणीत बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी भरलं, नळीतले बुडबुडे निघेपर्यंत मशीन इकडं-तिकडं कलवलं. मग बाजूला झाली. "बटण तुमी दाबा, बाबा."

बाबांनी हात पायजम्याला पुसला आणि दाबलं.

शर्यत सुरू झाली. आमी पडद्याकडं बघत होतो, श्रीनिवास त्याच्या डबीकडं. शेवटचा राउंड आला, गेला. गाडी रेषेपलीकडं जाऊन थांबली.

"जिंकली का?" बाबांनी विचारलं.

"तिसरी आली," ताई म्हणाली.

"पण शर्यत पुरी झाली ना?"

"झाली."

"मग बस."

*

पुढच्या वर्षी ताईला हैदराबादला नोकरी लागली. होस्टेलात कूलरसुद्धा लावू देत नव्हते, तिथं हे कुठं नेणार? कंप्यूटर घरीच राहिला. ताईनं बाबांना चालू-बंद करायला शिकवलं होतं. गेम त्यांना जमत नव्हता. दुपारी ते नुसतं मशीन चालू करून शेजारी खुर्चीत बसायचे.

रविवारी सकाळी ताईचा फोन यायचा. बाबा विचारायचे, "जेवण बरं आहे ना?" ती म्हणायची, "बरं आहे." मग दोघंही गप्प. एका रविवारी पंप घरघर करत होता. बाबांना काही सुचेना तेव्हा त्यांनी रिसीव्हर मशीनजवळ नेऊन धरला. परत कानाला लावला तर ताई तिकडून बोलतच होती. पाणी कमी झालंय, पंप हवा ओढतोय, बॅटरीचंच पाणी घाला, हळू घाला, घालताना पंप बंद ठेवा. बाबा "हो, हो" म्हणत होते. खूप वेळ चालला तो फोन.

पुढच्या रविवारी पुन्हा पाणी कमी. त्याच्या पुढच्याही. फोन दरवेळी तसाच लांबला. मी जोडण्या तपासल्या, खाली कागद घातला. कागद कोरडा. बरणीचं झाकण घट्ट. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी मी स्वतः बरणी गळ्यापर्यंत भरली.

रविवारी बाजारातून जरा लवकर परतलो. बाबा बरणीपुढं उकिडवे बसले होते. झाकण बाजूला होतं. चहाच्या कपानं ते पाणी काढत होते आणि खिडकीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत घालत होते.

मला पाहून ते थांबले नाहीत. आणखी एक कप काढला, झाकण लावलं आणि म्हणाले, "सरक तिकडं. फोन येईल आता."