उघड्या घरातला नारळ

असोद्याचं आमचं घर धाब्याचं होतं. वर सागाच्या कड्या, त्यावर काटक्या आणि त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात गारेगार, हे खरं, पण पावसाळ्यात घरातलं एकूण एक भांडं गळतीखाली लागायचं. कपाशी चांगली पिकली त्या वर्षी सासऱ्यांनी परमिट काढून पत्रे आणले आणि सांगून टाकलं, वैशाखात धाबं उतरवायचं. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. बायकांना विचारतो कोण! वैशाखात मला सातवा महिना लागणार होता.

याआधीची माझी दोन लेकरं गेली होती. एक पोटातच गेलं आणि दुसरं जन्मलं ते रडलंच नाही. त्यामुळे हे तिसरं पोट मी कसं वागवत होते ते माझं मला ठाऊक. नुसती ठेच लागली तरी काळजात धस्स व्हायचं.

सासूबाईंना, म्हणजे जिजींना, सगळा भरवसा कानबाईचा. ही आमच्या खानदेशातली देवी श्रावणात बसते आणि काही घरांत तिचा नारळ पिढ्यान् पिढ्या जपून ठेवतात. आमचा नारळ जिजींच्या सासूने वाजतगाजत आणलेला. माजघराच्या भिंतीतल्या गोखल्यात तो लाल फडक्यात बांधून ठेवलेला असे. माझ्यासाठी जिजींनी त्यालाच नवस बोलला होता. आणि पत्र्यासाठी जी भिंत पाडून उंच बांधायची होती ती नेमकी तीच.

जिजींनी नारळ काढून माझ्या ओटीत ठेवला. "बाकीचं मी पाहीन. हा तू सांभाळ," त्या म्हणाल्या. "हा आख्खा, तर तुझं पोट आख्खं."

आता असं कोणी पोटुशीला सांगतं का? पण त्यांनी सांगितलं आणि माझी झोप उडाली.

दुसऱ्या दिवसापासून आमचा संसार अंगणातल्या निंबाखाली आला. पेट्या, कणग्या, गोधड्या, तांब्या-पितळेची भांडी. धुळीपासून वाचावं म्हणून सगळ्यावर केळीची वाळकी पानं अंथरली, तरी माती शिरायची ती शिरलीच. एरवी माझ्या घरात किती घागरी आहेत हे शेजारणीलाही माहीत नसायचं. आता येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. "पाणी प्यायचं होतं," म्हणत एक बाई तर सरळ माझी पेटी उचकायला बसली. "विहीर तिकडे आहे हो," मी अशी ओरडले की ती पाणी न पिताच गेली. खरं सांगते, मला त्या पेटीचं काही नव्हतं. मांडीवरच्या टोपलीतल्या नारळावर कोणाची सावली पडली तरी मला भीती वाटायची.

वरून माती कोसळायची आणि मातीबरोबर विंचू. जळगावहून आलेला मिस्त्री, त्याला सगळे चाचा म्हणत, वरूनच हाका मारायचा, "बहू, और पीछे बैठो!" मी मागे सरकायची. सरकता सरकता पार गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकले. पोटात बाळ हलायचं थांबलं की मी नारळ कानाशी धरून हळूच हलवायची. आत सुकलेला गोटा वाजायचा. तो वाजला की जिवाला बरं वाटायचं. वेडेपणाच तो, पण भ्यालेल्या माणसाला शहाणपण सांगू नये.

मग आढं चढवायचा दिवस आला. घराचं मधलं मोठं लाकूड वर चढवताना नारळ फोडायची रीत. जड लाकूड चढत असताना पोटुशीने तिथे थांबू नये म्हणून जिजींनी मला शेजारच्या ओट्यावर पाठवलं आणि टोपली स्वतःकडे घेतली. आज घराला नवं आढं, तर देवीलाही नवं फडकं हवं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी जुनं फडकं सोडलं, नारळाला हळदकुंकू लावलं आणि तो ताटात ठेवून नवं फडकं आणायला गेल्या. तेवढ्यात दोर ओढणारे ओरडले, "आबा, नारळ! नारळ फोडा!" आबांनी ताटातला कुंकू लावलेला नारळ उचलला आणि दगडावर आपटला.

पाणी निघालं नाही. ओट्यावरून मला एवढंच दिसलं, की काळ्या खोबऱ्याचे तुकडे मातीत पडलेत आणि आबा स्वतःच्या हाताकडे बघत उभे आहेत. दुकानातून आणलेला नारळ ताटाशेजारच्या पिशवीत तसाच होता.

मी दोन्ही हातांनी पोट धरलं. रडूही येईना. संपलं, हेही गेलं, एवढंच डोक्यात.

जिजी तुकडे वेचून माझ्याकडे आल्या. एक तुकडा पदराला पुसून माझ्या तोंडाशी धरला. "खाय," त्या म्हणाल्या. "घर मोडलं, गोखला मोडला. आता कानबाईले जागा कुठी? तुझ्या पोटात राहीन ती." खवट, कडू खोबरं ते. मी चावलं, गिळलं. पण भरवताना त्यांच्याकडून तो तुकडा दोनदा माझ्या हनुवटीला लागला होता. म्हणजे त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. माझ्याहून जास्त त्या भ्याल्या होत्या, आणि ते कळल्यावर माझी भीती दुप्पट झाली.

एवढा प्रवास नको म्हणून बाळंतपणाला मी माहेरी गेले नाही, धुळ्याहून माझी आईच आली. "भिऊ नको पोरी, बठ्ठं बरं व्हई," ती म्हणायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

नव्या पत्र्याखाली, भर दुपारी, मी बाळंत झाले. मुलगा की मुलगी, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. दाराबाहेरून जिजींचा एकच धोशा, "रडलं का? रडलं का व माय?" आत सुईण पोरीला उलटी धरून पाठीवर चापट्या मारत होती, माझी आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. "जिजी, नाही रडत हो!" मी किंचाळले.

मग ती रडली. बाहेर जिजींचा आवाज बंद झाला. जिजी कुठे म्हणून मी विचारलं तर आबा बाहेरून म्हणाले, "उंबऱ्यात बसली ती. तिले बोलता नाही येऊन राह्यलं."